तारेला आपला आवाज ऐकू येतो

गिटार वाजवणाऱ्यांच्या जगात पाव शतकाहून जास्त काळ एक वाद पेटलेला आहे. त्या वादाचं मर्म मला सापडलं, आणि सापडलं कुठं, तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत! कोल्हापुरातून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर, भोपळ्यांच्या राशीत, एका तंबोऱ्यासमोर. तेव्हापासून मी भेटेल त्याला धरून सांगतोय. आता लिहूनच टाकतो.

वाद असा. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जवळपास नसतोच. तारांखालच्या पिकअपमधून विजेची एक बारीक लहर निघते, ती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाऊन मोठी होते आणि स्पीकरमधून बाहेर पडते. म्हणजे गिटारवाल्याचं अर्धं वाद्य त्याच्या हातात आणि अर्धं समोरच्या खोक्यात असतं. हे खोकं मुळात व्हॉल्व्हवर चालायचं. जुन्या रेडिओत मागच्या बाजूनं तांबूस उजेड दिसायचा ना, तेच ते काचेचे व्हॉल्व्ह. आपल्याकडं बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं 1961 पासून ते बनवले. पुढं ट्रान्झिस्टर आला. रेडिओनं व्हॉल्व्ह सोडला, टीव्हीनं सोडला. गिटारवाल्यांनी मात्र सोडला नाही.

कारण ऐका. व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीबाहेर रेटलं की तो लहरीचा माथा एकदम छाटत नाही, हळूहळू दाबत नेतो. माथा दबला की मूळ स्वरात नव्हते असे उपस्वर जन्माला येतात, आवाज दाट होतो, त्याला धार येते. आणि हे किती व्हावं ते वाजवणाऱ्याच्या बोटांवर ठरतं. हलक्या हातानं छेडलं तर स्वच्छ टणत्कार, जोर दिला तर गुरगुर. लंडनमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलनं 1962 मध्ये अमेरिकेच्या फेंडर बासमनवर बेतून आपला पहिला अ‍ॅम्प काढला, आणि पुढच्या दोन दशकांतलं रॉक संगीत त्या गुरगुरीवर उभं राहिलं.

मग आले मॉडेलर. 1998 मध्ये लाइन 6 या अमेरिकी कंपनीनं पॉड नावाचा, टेबलावर मावणारा लाल डबा आणला. त्यात नामांकित व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या आवाजाच्या नकला भरलेल्या होत्या. 2006 मध्ये फ्रॅक्टल कंपनीचा अ‍ॅक्स-एफएक्स आला, 2011 मध्ये जर्मनीचा केम्पर. केम्परची युक्ती अफाट आहे. तो खऱ्या अ‍ॅम्पला काही ठरावीक आवाज ऐकवतो, अ‍ॅम्प काय उत्तर देतो ते टिपतो आणि त्यावरून त्या अ‍ॅम्पचं आवाजी चित्र उभं करतो. आता तर न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर नावाचं सॉफ्टवेअर चक्क फुकट मिळतं. घरच्या कॉम्प्युटरवर यंत्रमेंदूला तासभर शिकू द्यायचं, की अ‍ॅम्पची नक्कल तयार! 2013 च्या डिसेंबरात मेटॅलिका बँडनं अंटार्क्टिकावर कार्यक्रम केला, तेव्हा तिथल्या निसर्गाला त्रास नको म्हणून स्पीकरच्या भिंती रचल्या नव्हत्या. श्रोत्यांनी हेडफोन लावून ऐकलं आणि गिटार मॉडेलरमधून वाजल्या. ज्यांची सारी ओळख प्रचंड आवाजाची, त्यांनीच डबा उचलला म्हटल्यावर वाद आणखी भडकला. व्हॉल्व्हवाले म्हणतात, नकलेत जीव नाही. डबेवाले म्हणतात, डोळे बांधून ओळखून दाखवा.

मी डबेवाला. कोल्हापुरात फ्लॅटमध्ये राहतो, शेजारी तान्हं बाळ आहे, कामावरून यायला रात्र होते. हेडफोन लावला की जगातले सगळे अ‍ॅम्प माझ्या कानात. मॉडेलर नसता तर माझ्यासारख्या शेकडो पोरांची गिटार कपाटावर चढली असती, हे मी आजही तितक्याच जोरात सांगेन.

अशात राजारामपुरीतल्या एका मित्राकडं फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब आला. 22 वॅटचा, 12 इंची एकच स्पीकर, वजन जवळपास 19 किलो. हे मॉडेल 1963 पासूनचं. अमेरिकेतून आलेला असल्यानं त्याला 120 व्होल्ट लागतात आणि आपली वीज 230 ची. म्हणून उद्यमनगरात एका मिस्त्रींकडून स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. ज्या हातांनी शेतातल्या पंपांच्या मोटारी भरल्या, त्याच हातांनी फेंडरची सोय केली. असं हे माझं गाव! सुट्टीच्या दिवशी त्याच वर्कशॉपमध्ये आम्ही अ‍ॅम्प लावला. व्हॉल्व्ह तापले, उजेड आला, आणि मित्रानं नॉब वर नेला.

आवाज पोटात शिरला. पायाखालची फरशी थरथरली. ते सगळं होणारच होतं, त्याची तयारी करूनच गेलो होतो. ज्याची नव्हती ते पुढं झालं. मी एक स्वर धरला, बोट तारेवर दाबून ठेवलं आणि अ‍ॅम्पकडं तोंड करून उभा राहिलो. हेडफोनमध्ये हा स्वर काही सेकंदांत विरतो. इथं तो विरता विरता थांबला. थांबून फुलायला लागला! मी अर्धं पाऊल सरकलो तर त्यातून वरचा उपस्वर फुटला, मागं आलो तर मूळ स्वर परत. हाताची हालचाल नाही, आणि स्वर जिवंत. स्पीकरमधून निघालेली हवा माझ्या तारेवर आदळत होती, तार त्या धक्क्यानं पुन्हा हलत होती, ती हालचाल पुन्हा अ‍ॅम्पमध्ये जात होती. गोल फिरत होतं सगळं, आणि त्या गोलाच्या मधोमध मी!

आम्ही सगळेच हट्टी. त्या अ‍ॅम्पला माइक लावला, न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरनं त्याची नक्कल बनवली आणि दोन्हींचं रेकॉर्डिंग आळीपाळीनं ऐकलं. खरं कोणतं, नक्कल कोणती, आम्हाला सांगता येईना. मग एका ऑर्केस्ट्रावाल्या मित्राचा स्टेज मॉनिटर आणला आणि ती नक्कल त्यातून मोठ्यानं सोडली. स्वर पुन्हा फुलला! तसाच, तेवढ्याच तोऱ्यात. म्हणजे जादू व्हॉल्व्हच्या काचेत कोंडलेली नव्हती. आवाज हवेतून तारेपर्यंत परत पोचतो की नाही, सगळी मेख तिथं होती.

पण ही मेख इतकी मोठी आहे हे मला मिरजेनं दाखवलं.

माझी ताई गाणं शिकते. तिच्या रियाजाला तंबोरा म्हणजे मोबाईल. हल्ली घरोघरी हेच. यंत्रातला तंबोरा काही आजचा नाही. बंगळुरूचे इंजिनिअर आणि बासरीवादक जी. राजनारायण यांनी 1979 च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला आणि त्यांच्या राडेल कंपनीच्या पेट्या गायनाच्या क्लासांत पोचल्या. पुढं खऱ्या तंबोऱ्याचे ध्वनी मुद्रित करून यंत्रात भरले गेले, मग ते मोबाईलवर उतरले. प्रसाद उपासनी यांचं आयतबलाप्रो कित्येक गवयांच्या फोनमध्ये सापडेल. ताईला आता खरा तंबोरा घ्यायचा होता आणि येताना तो सांभाळून आणायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी गेलो. एवढंच निमित्त.

मिरजेत तंतुवाद्यांचं काम दीडशेहून अधिक वर्षांचं आहे. फरीदसाहेब शिकलगार हे या परंपरेचे मूळ पुरुष. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, घडवणारे. तलवारींचे दिवस सरले तसे ते हात सतारीकडं आणि तंबोऱ्याकडं वळले आणि पुढं घराण्यांना सतारमेकर हेच आडनाव चिकटलं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांतून, दांडीला लागतं तूण जातीचं लाकूड. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते मला बातमी म्हणून ठाऊक होतं. ते कशासाठी मिळालं, हे तिथं बसल्यावर कळलं.

आणि जागा तरी कुठली! रेल्वेच्या एका टोकाला कोल्हापूर: शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं झालं ते, 1883 पासूनच्या देवल क्लबचं. दुसऱ्या टोकाला मिरज: अब्दुल करीम खाँसाहेब जिथं राहिले, जिथल्या दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांच्या सुरेलपणाच्या आठवणी निघाल्या की जुळलेल्या तंबोऱ्याची गोष्ट येतेच. 1891 मध्ये सुरू झालेला हा रेल्वेमार्ग जेमतेम 50 किलोमीटरचा. इतकी वर्षं मी या गाडीनं मिरजेला उतरलो ते फक्त पुढची गाडी पकडायला.

कारागीर चाचांनी एक नवा तंबोरा मांडीवर घेतला. तारा चढवलेल्या होत्या: पंचम, जोडीचे दोन षड्ज, आणि शेवटी पितळी खरज. त्यांनी एक तार छेडली. टप्प असा आवाज आला, कोरडा, आखूड. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा.

“थांबा दादा, अजून जवारी लावायचीय. आता ऐका.”

त्यांनी सुताचा एक बारीक तुकडा तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवला. घोडी म्हणजे भोपळ्याच्या पुढच्या तबलीवरची ती रुंद पट्टी, जिच्यावर तारा टेकतात. दोरा इकडं केसभर, तिकडं केसभर. आणि एका जागी तो आवाज उघडला! दुसरा शब्दच नाही. त्याच तारेतून, त्याच बोटानं, झणझणता, लांब, रंग बदलत जाणारा नाद. आधी वरचे उपस्वर लखलखून उठले, मग ते एकेक पायरी खाली उतरत गेले. मला वाटलं, कोणीतरी अ‍ॅम्पचा नॉब फिरवला. अगदी शब्दशः! स्वच्छ आवाजाकडून गुरगुरीकडं जाताना गिटारचा स्वर जसा भरत जातो तसा हा भरला, आणि इथं वीज नव्हती, व्हॉल्व्ह नव्हता, फक्त घोडी आणि सूत.

घरी येऊन मी याच्या मागं लागलो आणि झोप उडाली. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला बारीकसा उतार दिलेला असतो. कंपणारी तार त्या उतारावर लोळते, टेकते, सुटते. तारेची कंपणारी लांबी प्रत्येक हेलकाव्यात किंचित बदलते आणि त्यातून नवे उपस्वर निघत राहतात. ते किती निघावेत हे तार किती जोरात हलतेय त्यावर ठरतं. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये, नोबेलच्या कितीतरी आधी, कोलकात्यात असताना हे लिहून ठेवलंय! नेहमीच्या नियमाप्रमाणं तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा असे उपस्वर निघायलाच नकोत, कारण त्यांच्या दृष्टीनं तो बिंदू स्थिर असतो. तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र असे गैरहजर असायला हवेत ते उपस्वरसुद्धा जोरात वाजतात, हे रामन यांनी दाखवलं. म्हणजे व्हॉल्व्ह जे काम लहरीचा माथा दाबून करतो, ते आपल्या कारागिरांनी कानशीनं आणि सुतानं केव्हाच साधलेलं होतं. मला हे कुणी शाळेत का सांगितलं नाही?

पण अजून खरी गोष्ट राहिलीय.

चार तारा जुळल्या. चाचांनी एक एक दुरुस्त करत, तारांवरचे मणी सरकवत, पुन्हा पुन्हा छेडत तंबोरा लावला. एका क्षणी खरजातून गंधार ऐकू यायला लागला. कोणीही लावलेला नाही, कुठल्याच तारेवर नाही, आणि तरी स्पष्ट. खरजाचा तो पाचवा उपस्वर, हे नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त ताईकडं बघितलं आणि तिनं मान हलवली, तिलाही येत होता.

“ताई, आता सा लावा,” चाचा म्हणाले. त्यांनी बोटं तारांवरून काढून घेतली. तारा विझून शांत झाल्या. ताईनं सा लावला, मोठा, मोकळा, आणि चाचांनी हातानं खूण केली तशी ती थांबली.

सा चालूच होता.

तंबोऱ्यातून! कोणाचाही हात नसलेल्या तारांतून ताईचा सा परत येत होता. बारीक, पण जवारीसकट झणझणत. तिनं पंचम लावला, तर पंचमाची तार बोलली. तिनं मुद्दाम सा किंचित उतरवून लावला, तर तंबोरा जवळजवळ गप्प राहिला. चढवत चढवत ती बरोबर जागेवर आली आणि तारा पुन्हा हलल्या. ती चकित होऊन थांबलीच. इतकी वर्षं मोबाईलसमोर गाऊनही तिला असं उत्तर कधी मिळालं नव्हतं.

आणि मला उद्यमनगरातलं वर्कशॉप आठवलं. तीच गोष्ट! स्पीकरची हवा तारेला हलवते, गळ्याची हवा तारेला हलवते. खरं वाद्य आपल्याला ऐकतं. सुरावर असाल तर तारा हलतात, नसाल तर हलत नाहीत. मोबाईलचा तंबोरा कितीही सुरेख असो, तो आपल्या गाण्याकडं पाठ करून बसलेला असतो. तुम्ही बेसूर व्हा, सुरेल व्हा, त्याची फेरी तशीच चालू राहणार. हेडफोनमधल्या मॉडेलरचंही तसंच. त्याला माझ्या बोटांचा जोर कळतो, पण माझ्या खोलीतली हवा कळत नाही.

आम्ही तिथंच फोन काढून लावला. चाचांची हरकत नव्हती, उलट त्यांनी कान देऊन ऐकलं. फोनमधला तंबोरा उत्तम जुळलेला होता, हे कबूल करायलाच हवं. फरक फेऱ्यांमध्ये होता. फोनची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीसारखी. चाचांच्या हाताखाली प्रत्येक फेरीत उपस्वर वेगळे उजळत होते, कारण मागच्या खरजाचा नाद अजून उरलेला असताना पुढचा पंचम त्यावर पडत होता आणि चारही तारा घोडीतून एकमेकींना हलवत होत्या. शिवाय मुद्रित ध्वनी म्हणजे एका तंबोऱ्याची, एका दिवसाची, एका जवारीची आठवण. अ‍ॅम्पची नक्कलही अशीच एका नॉबच्या एका जागेची असते. मित्राच्या डिलक्सचा नॉब दोन घरं पुढं सरकवला की आम्हाला नक्कल नव्यानं करावी लागे.

मग यंत्रं टाकून द्यायची? मुळीच नाही! पावसाळ्यात कोल्हापूरच्या हवेत तंबोरा सारखा उतरतो, प्रवासात भोपळा फुटायची धास्ती असते, आणि शिकाऊ पोराला तंबोरा जुळवता येईपर्यंत काही वर्षं जातात. तोवर त्याला सूर कोण देणार? आणि यंत्रंही गप्प बसलेली नाहीत. 2016 मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी तंबोऱ्याचं असं गणिती प्रारूप मांडलं की त्यात ध्वनिमुद्रण नाहीच. तार घोडीवर कशी टेकते, सुटते, दोऱ्यामुळं काय होतं, ते कॉम्प्युटर त्या क्षणी मोजत आवाज तयार करतो. विचार करा, मिरजेतला सुताचा तुकडा आज आयर्लंड बेटावर समीकरणात बसलाय! उद्या कोणीतरी त्याला माइक जोडेल, गाणाऱ्याचा आवाज आत घेईल आणि त्या तारा हलवेल. मी त्या दिवसाची वाट बघतोय.

मात्र तो दिवस आला तरी त्या प्रारूपाला बरोबर-चूक सांगायला एक कान लागेल, आणि तो कान आज मिरजेत आहे. जवारी लावणं पुस्तकातून येत नाही. घोडीला किती घासायचं, कुठं थांबायचं, हे चाचा ऐकून ठरवतात. चाचांचं काम बघत मी किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही; ताईनं दोनदा हाक मारली एवढं आठवतं.

तंबोरा घरी आला. मी मॉडेलर विकलेला नाही, विकणारही नाही. पण आता आठवड्यातून एकदा तरी वर्कशॉपमध्ये जाऊन हवेत वाजवतो, आणि रात्री ताईचा रियाज चालू असताना दाराशी बसतो.

गिटारवाल्यांनो, डबा ठेवा, पण महिन्यातून एक दिवस हेडफोन काढा आणि कोणाच्या तरी वर्कशॉपमध्ये, गोडाऊनमध्ये, शेतातल्या खोलीत स्पीकरसमोर उभे राहा. गाणं शिकणाऱ्यांनो, आणि ज्यांची पोरं मोबाईल लावून सा रे ग म करतात त्या आईबापांनो, एका सकाळी मिरजेची गाडी पकडा. तंबोरा घ्यायचाच असं नाही. सतारमेकर गल्लीत कोणत्याही दुकानात शिरा, जवारी तुमच्यासमोर लावून दाखवा अशी विनंती करा, तारा शांत होऊ द्या, आणि पोराला सांगा, मोठ्यानं सा लाव.